कासवीची हाक
(वर्धापनदिन सप्ताहात वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सप्ताहात चार-पाच जणींनी आपल्या आवडीच्या विषयावर बोलावे, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. या वर्षी माझे नाव घातले तेव्हा मी चिठ्ठीवर "विषय : कासव" असे लिहून दिले. चिटणीसबाईंनी ते वाचून मला विचारले, "कासव की कासार?" मी बांगड्यांवर बोलणार असते तर त्यांना नवल वाटले नसते. कासवांवर, आणि तीही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतली, हे ऐकून त्या जरा थांबल्या. पण नाव खोडले नाही, याबद्दल त्यांचे आभार.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी मला वाचता येत नाही. माझी मुलगी प्राणिशास्त्र घेऊन कॉलेजात शिकते. संध्याकाळी मी पोळ्या लाटत असते आणि ती ओट्याशी उभी राहून काही ना काही वाचून दाखवते, अर्थ सांगते. पटले नाही तर मी पुन्हा विचारते. तीही कंटाळत नाही. असे ऐकलेले मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागल्या बाजूने उतरवून ठेवते. त्या वहीतूनच आज बोलणार आहे.

कासव आपल्याला परके नाही. देवळात शिरताना देवासमोर दगडी कासव असते, आधी त्याला हात लावायचा नि मग घंटा वाजवायची. भगवंताने कूर्मावतार घेतला तो याच प्राण्याचा. आणि आपल्या कीर्तनकारांनी, संतांनी कासवीचा दाखला किती वेळा दिला आहे! कासवीला पान्हा नाही, ती पिलांना कुशीत घेत नाही, तरी नुसत्या प्रेमाच्या नजरेने ती दूरवरून त्यांना वाढवते, असे लहानपणापासून आपण ऐकले. देवही भक्ताला तसाच वाढवतो, हा त्याचा अर्थ.

शास्त्रज्ञांचे म्हणणे मात्र याच्या अगदी उलट होते. कासवी वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. मागे वळूनही पाहत नाही. पिले जन्मली तर जन्मली, मेली तर मेली. शिवाय कासव मुके आणि जवळजवळ बहिरे आहे, असेही पुष्कळ काळ समजले जात होते. म्हणजे एका बाजूला नजरेने दूध पाजणारी आई, आणि दुसऱ्या बाजूला पोर टाकून जाणारी. मला या दोन्हींच्या मधले काहीतरी ऐकायला मिळाले, म्हणून हा विषय घेतला.

आधी त्या कासवीची ओळख करून देते. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन आणि ओरिनोको या दोन फार मोठ्या नद्या आहेत. त्यांत आणि त्यांना मिळणाऱ्या नद्यांत ही कासवे राहतात. ब्राझीलमध्ये त्यांना 'तार्तारुगा' म्हणतात, व्हेनेझुएलात 'अर्राऊ', पेरू देशात 'चारापा'. शास्त्रातले नाव 'पोडोक्नेमिस एक्स्पान्सा', ते एकदाच सांगून सोडून देते. मादीची पाठ अडीच फुटांहून लांब भरते आणि वजन पन्नास-साठ किलो, म्हणजे धान्याचे भरलेले पोतेच. नर मात्र तिच्यापुढे अगदी लहान. ही कासवे मान सरळ आत ओढून घेत नाहीत, कुशीला वळवून कवचाच्या कडेखाली ठेवतात. नवी नवरी मान वळवून बसते तशी. खाणे बहुतेक शाकाहारी. पावसाळ्यात तिकडच्या नद्या इतक्या फुगतात की जंगलच पाण्यात उभे राहते. मग ही कासवे झाडांमधून पोहत हिंडतात आणि पाण्यात पडलेली फळे, बिया खातात.

पाणी ओसरले की नदीत वाळूचे मोठमोठे पट्टे उघडे पडतात. तेच त्यांचे बाळंतघर. शेकडो, कुठे हजारो माद्या त्या पट्ट्यांसमोर पाण्यात जमतात. काही दिवस नुसत्या उन्हात येऊन बसतात, पाण्यात जातात, पुन्हा येतात. मग एका रात्री रांगेने वर चढतात. मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करायचा, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालायची, वाळू लोटून दाबून टाकायची आणि पाण्यात परतायचे. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. अंड्यातून नर निघणार की मादी, हे या कासवांत वाळूच्या उबेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या, कमी तापली तर नर. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणारी सासू कासवांत असती, तर तिला उन्हाशीच भांडावे लागले असते.

आता या कासवीच्या अंड्यांचे काय होत असे, ते ऐका. इ. स. १८०० च्या एप्रिलमध्ये हुम्बोल्ट नावाचे जर्मन शास्त्रज्ञ ओरिनोको नदीतून होडीने जात होते. वाटेत त्यांना एका बेटावर जत्रेसारखी गर्दी दिसली. आसपासचे आदिवासी, मिशनचे पाद्री आणि शहरातून आलेले व्यापारी असे सगळे अंड्यांच्या सुगीला जमले होते. लांब काठी वाळूत खुपसून बघायचे. ती एकाएकी सैल जाऊ लागली की खाली अंडी आहेत असे समजायचे. आपण ढोकळा शिजला की नाही हे सुरी खुपसून बघतो, तसेच. मग उकरून अंडी काढायची, लांब लाकडी डोणीत पाण्याबरोबर टाकायची, फोडायची, ढवळायची आणि उन्हात ठेवायची. तेल वर तरंगते. ते काढून कढवायचे. नीट कढवलेले तेल स्वच्छ, वास नसलेले, किंचित पिवळसर निघे. दिवे लावायला आणि स्वयंपाकालाही तेच. हुम्बोल्ट यांनी तिथे बसून हिशेब मांडला : त्या भागातल्या तीन वाळूपट्ट्यांवरून वर्षाला ५,००० घडे तेल निघते, तर त्यासाठी ३ लाख ३० हजार कासवींनी ३ कोटी ३० लाख अंडी घातली असली पाहिजेत.

हुम्बोल्ट यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. पूर्वी तिथे जेझुइट पंथाचे पाद्री होते, ते सगळा पट्टा उकरू देत नसत. काही भाग तसाच ठेवायला लावत. पुढे दुसरे पाद्री आले, त्यांनी सगळेच उकरू दिले, आणि पीक कमी होऊ लागले. बियाण्याचे धान्य दळून खाल्ले तर पुढच्या वर्षी काय पेरायचे, हे आपल्याकडची अडाणी बाईही जाणते.

नंतर इंग्लंडचे बेट्स नावाचे निसर्गशास्त्रज्ञ ॲमेझॉनकाठी पुष्कळ वर्षे राहिले. त्यांचे पुस्तक १८६३ मध्ये निघाले. त्यांचा हिशेब तर याहून मोठा. वरच्या ॲमेझॉनमधून आणि मदेरा नदीवरून ६,००० घडे तेल दर वर्षी बाहेर जाई आणि २,००० घडे तिथल्या गावांतच खपत. एक घडा तीन गॅलनचा, म्हणजे आपल्या १५ किलोच्या तेलाच्या डब्याहून जरा कमीच. असा एक घडा भरायला ६,००० अंडी लागत. एकंदर ४ कोटी ८० लाख अंडी, दर वर्षी. हा आकडा मी मुलीला तीनदा वाचायला लावला.

बेट्स यांच्या लिहिण्यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. कासवी वर येण्याच्या दिवसांत गावकरी वाळूपट्ट्यावर उंच माच्यावर पहारेकरी बसवत. जवळून होडी जाऊ द्यायची नाही, जाळ करायचा नाही, गडबड करायची नाही. कारण कासवी बुजली की येतच नाही. म्हणजे ज्यांना अंडी लुटायची होती, त्यांना कासवीला शांतता लागते हे चांगले ठाऊक होते. तिला ऐकू येते की नाही हा वाद विद्वानांचा; त्या गावकऱ्यांना तो कधी पडला नसावा.

तिथल्या गरिबांना मी दोष देत नाही. नदीकाठी राहणाऱ्याला कासव म्हणजे घरचे अन्न होते, आणि आहे. आपल्या कोकणात मासळी तशी. पण पोटापुरते घेणे वेगळे आणि शहरातले दिवे पेटवायला घडे भरभरून पाठवणे वेगळे. दीड-दोनशे वर्षांत व्हायचे तेच झाले. जिथे पूर्वी लाखोंनी येत, तिथे मोजक्या येऊ लागल्या. ब्राझीलने १९६७ मध्ये कायदा करून रानातल्या प्राण्यांची धंदेवाईक शिकार बंद केली, आणि १९७९ पासून नदीतली कासवे राखण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी त्रोंबेतास नावाच्या नदीकाठचे एक मोठे रान राखीव केले. त्या त्रोंबेतासवर आपल्याला आता जायचे आहे.

मानाऊस हे ॲमेझॉनच्या जंगलातले मोठे शहर. तिथे ब्राझील सरकारची ॲमेझॉनविषयी संशोधन करणारी संस्था आहे. त्या संस्थेत रिचर्ड व्होग्ट नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे अमेरिकेचे, पण आयुष्य कासवांच्या मागे या नद्यांवर घालवले. २०२१ च्या जानेवारीत ते वारले. त्यांच्याबरोबर कामिला फेरारा नावाची ब्राझीलची तरुण संशोधक होती. या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक साधी गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत तिथे कोणी नीट केली नव्हती. त्यांनी कासवांचे ऐकले.

पाण्याखाली धरायचा एक मायक्रोफोन असतो, त्याला हायड्रोफोन म्हणतात. तो पाण्यात सोडायचा, कानाला यंत्र लावायचे आणि बसून राहायचे. मुलगी हे सांगत होती तेव्हा मला वाटले, त्यात काय एवढे? पण कासव काही कावळ्यासारखे कलकलाट करत नाही. त्याचा आवाज अगदी बारका, आखूड, खालच्या पट्टीतला आणि कधीतरी एखादा. कित्येक वेळ काहीच नाही. मग पाण्याच्या खळखळीतून एक 'टुक्' किंवा कण्हल्यासारखा एक हुंकार. जो अर्धा तास बसून उठला त्याने लिहून ठेवले, कासव मुके आहे. २००९ पासून २०११ पर्यंत ही मंडळी त्रोंबेतासवर ऐकत बसली, आणि त्यांनी अडीचशेहून अधिक आवाज टिपले.

ते आवाज त्यांनी यंत्रावर तपासले, चित्रासारखे उमटवून पाहिले, आणि त्यांचे सहा प्रकार पाडले. त्या त्या वेळी कासवे काय करत होती, हेही टिपून ठेवले होते. नदीतून लांबच्या प्रवासाला निघाल्या किंवा उन्हात बसल्या की आवाज खालच्या पट्टीतले. ते पाण्यातून दूरवर पोचत असावेत. अंडी घालायच्या वेळी आवाज जरा वरच्या पट्टीतले. उथळ पाण्यात आणि हवेत ते चांगले पोचतात. आणि सर्वांत जास्त तऱ्हेतऱ्हेचे आवाज कधी, तर माद्या वाळूपट्ट्यासमोर जमतात तेव्हा. कुठे चढायचे, केव्हा चढायचे हे त्या एकमेकींना सांगत असाव्यात, असा या मंडळींचा तर्क आहे. बायका चार जमल्या की बोलतात, असे पुरुष म्हणतात. इथे तर शास्त्रानेच लिहून दिले. पण त्या बोलण्यावाचून शेकडो जणी एका रात्री एका रांगेत वर चढल्या नसत्या, हेही लक्षात घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. वाळूखाली अंड्यांजवळ मायक्रोफोन ठेवला, तर अंड्यांतून आवाज आला. अंडी फुटण्याच्या आधीच आतली पिले बोलत होती. संशोधकांना वाटते, त्यामुळे ती एकाच सुमाराला अंडी फोडतात आणि मिळून वर येतात. एकट्या पिलाला दीड हात वाळू उकरणे जड; शंभर मिळून उकरतात. आणि बाहेर एकदम शंभर निघाली तर पक्षी तरी किती उचलतील? वाळूतून पाण्याकडे धावतानाही त्यांचा आवाज चालूच असतो.

आणि पाण्यात कोण होते? त्यांच्या आया. दोन महिन्यांपूर्वी अंडी घालून निघून गेल्या असे ज्यांच्याविषयी पुस्तकांत लिहिले होते, त्या माद्या वाळूपट्ट्यासमोर पाण्यात थांबलेल्या होत्या. पिले पाण्याशी आली की त्या आवाज देत. पिलेही आवाज देत. माद्यांच्या आणि पिलांच्या अंगावर लहान रेडिओ यंत्रे लावून त्यांचा माग घेतला, तेव्हा दिसले की पिले त्या माद्यांबरोबर दोन महिन्यांहून अधिक काळ नदीतून प्रवास करत होती, पुराने भरलेल्या रानाकडे, जिथे खायला मिळते तिथे. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिले अंड्यांतून निघाल्यावरही मादी त्यांच्यासाठी काही करते, याचा कासवांच्या सबंध जातीतला हा पहिला पुरावा असे त्यांनी त्यात म्हटले आहे.

कोणते पिलू कोणत्या आईचे, असा हिशेब तिथे नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. शंभर अंडी घातलेल्या शेकडो आया आणि हजारो पिले. सगळ्या जणी हाका मारतात, सगळी पोरे येतात. वाड्यात आपली पोरे जशी वाढली, कोणाच्याही घरी जेवली, कोणाच्याही काकूने दटावले, तसे काहीसे.

मी हे सासूबाईंना सांगितले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, त्या म्हणाल्या, "मग संत काय खोटे सांगत होते?" मला तसे म्हणवत नाही, पण संत खरे ठरले असेही मी म्हणणार नाही. ते देवाविषयी बोलत होते, कासवीविषयी नव्हे. नजरेने पिलू वाढत नाही. समुद्रातली कासवी तर खरोखरच निघून जाते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून गावकरी तिची अंडी राखतात, कारण राखायला ती स्वतः तिथे नसते. पण या नदीतल्या कासवीचे तसे नाही. तिची नजर नाही, हाक आहे.

कासवे मुकी नाहीत, हे पुढे आणखी पक्के झाले. ब्राझीलचाच एक तरुण शास्त्रज्ञ, गाब्रिएल योर्गेविच-कोहेन, ॲमेझॉनमध्ये काम करताना त्याला नदीतल्या कासवांच्या बोलण्याविषयी कळले. घरी परतल्यावर त्याने काय केले, तर आपल्या घरी पाळलेल्या कासवाचेच आवाज टिपून पाहिले. ते बोलत होते! मग त्याने पन्नास जातींची कासवे आणि मुके समजले जाणारे आणखी तीन प्रकारचे प्राणी असे एकंदर ५३ जातींचे आवाज टिपले. २०२२ मध्ये ते छापून आले. एकही जात मुकी निघाली नाही.

आता मला जे खरे सांगायचे आहे ते. ही नुसती कौतुकाची माहिती नाही. कासवी थांबते आणि हाक मारते, हे कळल्यावर तिला राखण्याची रीतच तपासून पाहावी लागते.

पुष्कळ ठिकाणी काय करत असत? अंडी राखायची; पिले निघाली की ती गोळा करून काही दिवस, काही आठवडे टाकीत ठेवायची, पाठ जरा टणक झाली की नदीत सोडायची. हेतू चांगला. मऊ पाठीचे पिलू पक्ष्याच्या, माशाच्या तोंडी पडू नये. पण त्या दिवसांत पाण्यात आया वाट बघत असतील तर? आपण पिलू टाकीत टणक करत बसलो, आणि ज्यांच्यामागून जायचे त्या पुढे निघून गेल्या, तर मग त्याला वाट कोण दाखवणार? अंडी मोजून, पिले मोजून भागत नाही. अंडी घालून झाल्यावर पाण्यात थांबलेल्या माद्यांनाही तेवढेच राखले पाहिजे. पूर्वी वाटे, अंडी घातली की तिचे काम संपले, मग ती पकडली तरी पुढच्या वर्षाचेच नुकसान. आता कळते की त्या दिवसांत एक मादी मारली तर या वर्षीच्या पिलांचाही आधार जातो.

दुसरे, आवाज. कासवांचे बोलणे खालच्या पट्टीतले, आणि होडीच्या इंजिनाची घरघरही खालच्या पट्टीतलीच. पाण्यातून आवाज हवेपेक्षा फार दूर जातो. त्रोंबेतास नदीकाठी बॉक्साइटची मोठी खाण आहे. बॉक्साइट म्हणजे जिच्यापासून ॲल्युमिनियम करतात ती माती. आपल्या घरातले कुकर, पातेली त्याचीच. तो माल भरून मोठी जहाजे त्या नदीतून जातात. गिरणीत उभे राहून आपण शेजारणीशी बोलून पाहावे, मग कळते. हात धरून ओढल्याशिवाय तिला समजत नाही. कासवीला हात धरून ओढता येत नाही.

तिसरे, धरणे. शिंगू नदीवर बेलो मोंते नावाचे प्रचंड धरण बांधले, ते २०१६ मध्ये वीज देऊ लागले. त्या धरणाच्या खालच्या अंगाला कासवांचा एक फार मोठा वाळूपट्टा आहे. कासवीचे सारे गणित पाणी केव्हा ओसरते आणि केव्हा चढते यावर. ते आता धरणाच्या दारांवर गेले. वीज नको असे मी म्हणत नाही. माझ्या घरीही मिक्सर आहे.

पण सगळेच वाईट नाही. ॲमेझॉनला मिळणारी जुरुआ नावाची नदी आहे. तिथे गावकरी स्वतः वाळूपट्ट्यांवर पहारा देतात. आळीपाळीने, रात्र रात्र, महिनोन् महिने. २०१८ मध्ये संशोधकांनी तिथला हिशेब छापला. राखलेल्या पट्ट्यांवर दोन हजारांहून अधिक घरटी होती, त्यांतली शंभरांत दोनच चोरीला गेली. आणि ज्या पट्ट्यांवर पहारा नव्हता तिथे? शंभरांत नव्व्याण्णव. म्हणजे एकच उरले. इतका फरक पडतो, माणूस जागा राहिला तर. शिवाय पट्टा राखल्याने तिथले पक्षी, मगरी, मासेही वाढले, कारण कासवांसाठी ठेवलेली शांतता त्यांनाही मिळाली. पहारा देणारे हे लोक गरीब आहेत. पूर्वी त्यांच्याच आजोबांनी घडे भरले असतील. त्यांच्या या जागरणाचा योग्य मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, असे संशोधकांनाही वाटते. मला तर वाटते, पुस्तके लिहिणाऱ्यांइतकाच त्यांचा मान आहे.

आणि शेवटी मोजणीची गोष्ट, कारण ती आपल्या कामाची आहे. ब्राझील आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर ग्वापोरे नावाची नदी आहे. तिथे आजही या कासवी फार मोठ्या संख्येने येतात. किती, हे कसे मोजायचे? लग्नात पंगतीची पाने मोजायला उभी राहिलेली बाई जाणते. एक जण या पंगतीतून उठून त्या पंगतीत बसतो, एक जण हात धुवायला गेलेला असतो. कोणाला दोनदा मोजतो, कोणाला मोजतच नाही. तिथे जमिनीवरून माणसांनी मोजल्या त्या भरल्या सुमारे १६,०००. वरून ड्रोन उडवून फोटो काढले आणि फोटोतल्या सगळ्या मोजल्या तर ७९,०००! एवढा फरक.

मग त्यांनी १,१८७ कासवींच्या पाठीवर पांढऱ्या रंगाची खूण केली. बारा दिवस, दिवसातून चार वेळा ड्रोन उडवले. प्रत्येक वेळी दीड हजार फोटो. खूण केलेल्यांपैकी किती दिसतात, किती दोनदा येतात, किती चालत या फोटोतून त्या फोटोत जातात, यावरून गणित मांडले. फ्लोरिडा विद्यापीठातले इस्माएल ब्राक आणि त्यांच्या सोबत्यांनी २०२५ मध्ये ते प्रसिद्ध केले. उत्तर आले, सुमारे ४१,०००. नदीतल्या कासवांचा एवढा मोठा मेळा जगात दुसरीकडे माहीत नाही. बरोबर आकडा हवा, कारण १६,००० समजून बसलो आणि पुढच्या वर्षी कोणी नीट मोजून २०,००० सांगितल्या तर वाटेल की वाढल्या. खरे तर अर्ध्या संपलेल्या असतील. दुधाच्या हिशेबातही असेच फसायला होते.

हुम्बोल्ट यांच्या वेळच्या तीन वाळूपट्ट्यांवरच्या ३ लाख ३० हजारांपुढे हे ४१,००० ठेवून पाहा. मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आहेत.

माझा वेळ होत आला. माझ्या मुलीने या कासवांचे टिपलेले आवाज मोबाइलवर घेऊन ठेवले आहेत. चहा झाल्यावर ज्यांना ऐकायचे असतील त्यांनी पलीकडच्या खोलीत यावे. दोघी-तिघी करून या, आणि ऐकताना पंखा बंद करावा लागेल. आवाज फारच लहान आहे. पहिल्यांदा काहीच ऐकू येत नाही असे वाटेल. थोडे थांबा, मग येतो.